आठ जोड चपला

आमच्या घरात माणसं मोजायची नाहीत, असा नियम होता. भांडी मोजा, धुतलेले कपडे मोजा, पापड तर मोजायचेच. पण पंगतीला किती जण बसलेत हे कुणी बोट दाखवून मोजायला लागलं की आत्याचा आवाज चढायचा. "माणसां मोजूची नसतत. ती काय तुझ्या ष्टोरातली नटबोल्टां आसत?" हे बहुतेक वेळा बाबांना असायचं. बाबा मुलुंडच्याच एका कारखान्यात स्टोअरकीपर होते आणि दिसेल ते मोजायची त्यांना खोड होती. जिना चढताना पायऱ्या मोजायचे, बाजारात भेंड्या मोजायचे, आंघोळ करताना तांबे मोजायचे. फक्त माणसांपाशी आले की गप्प व्हायचे.

आत्या ही बाबांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर मालवणाकडून मुंबईला आली ती आमच्याकडेच राहिली. वीस वर्षं मुलुंडला काढली, पण बोली काही सोडली नाही. बाबा, आई, माझा मोठा भाऊ, मी, आत्या, काका, काकू आणि त्यांची धाकटी, अशी आम्ही दोन खोल्यांत आठ माणसं. हा आकडा मी आज लिहिते आहे. तेव्हा तो कुणी तोंडातून काढत नसे.

नियम जुना होता, पण घट्ट झाला तो काकूमुळे. काकूला पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा रेशनकार्ड बदलून घ्यायचं होतं. बाबांनी अर्ज भरला आणि माणसांच्या रकान्यात एक माणूस जास्त लिहिलं. पेन्सिलीनं लिहिलं, पण लिहिलं. येणारा माल आधी नोंदवून ठेवायची कारखान्यातली सवय, दुसरं काही नाही. सातव्या महिन्यात ते मूल गेलं. आत्यानं तो अर्ज पाहिला होता. बाबांनी आकडा खोडरबरानं पुसला, तरी कागदावर डाग राहिलाच. दुसऱ्या वेळी कुणी काही लिहिलं नाही की बोललं नाही, तरी तेही मूल जन्मल्यावर आठ दिवसांत गेलं. मग दोष कशाचा, असं कुणी विचारायला हवं होतं. विचारलं नाही. बाबांना कुणी एका शब्दानं बोललं नाही, आणि न बोलल्यामुळेच ते त्यांच्या अंगाला चिकटून राहिलं असं मला वाटतं.

त्यानंतर धाकटी झाली. तिचं कौतुक काय सांगावं. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. काकू पाणीसुद्धा फुंकून प्यायची. धाकटी साडेचार वर्षांची झाली तरी एकटी जिना उतरली नव्हती. खाली पोरं खेळत असली की ती गॅलरीच्या गजांतून बघत बसायची आणि काकू तिचा फ्रॉक मागून धरून उभी असायची. मला या सगळ्याचा राग यायचा, हे कबूल करते. माझ्या वेळी माझा फ्रॉक कुणी धरला नव्हता.

काका घाटकोपरच्या एका औषधांच्या व्यापाऱ्याकडे मेटॅडोर चालवत. मागं पत्र्याची बंद खोली, त्यात खोके भरायचे, आणि पुढं चालवणाऱ्याची केबिन. त्या व्यापाऱ्याचं कॅलेंडर आमच्या भिंतीवर होतं. ऑगस्टच्या पानावर एक धबधबा होता: काळ्या कड्यावरून पांढरंशुभ्र पाणी, खाली लिहिलेलं ‘रंधा’. ऑगस्ट संपला तरी धाकटीनं ते पान उलटू दिलं नाही. तिला ते पांढरं बघायचं होतं. आमच्या घरात सप्टेंबर आलाच नाही त्या वर्षी, असं काका म्हणायचे. शेवटी त्यांनी शेठकडे शब्द टाकला आणि दोन ऑक्टोबरच्या सुट्टीला गाडी मिळाली.

काकू नको म्हणत होती. घाट आहे, पाणी आहे, गाडी लागते. पण धाकटी तीन दिवस एकच प्रश्न विचारत होती आणि काकूचं तिच्यापुढे काही चालत नसे. निघायच्या आदल्या दिवशी काकूनं मला स्वयंपाकघरात बोलावलं. मी सहावीत होते, अकरा वर्षांची. ती म्हणाली, "मला गाडीत काही सुचत नाही गं. तू तिचा हात सोडू नकोस. कुणी काही सांगितलं तरी सोडू नकोस."

मी हो म्हटलं. कॅलेंडरवरचा धबधबा मीही पाहिला होता, आणि त्याच्या वरच्या कडेला कठडा नव्हता.

पहाटे पाचला निघालो. मागच्या पत्र्याच्या खोलीत सतरंजी, तिच्यावर गोधडी. आई, काकू, आत्या, मी आणि धाकटी मागं. काका, बाबा आणि दादा पुढं. मधल्या पत्र्याला हातभर खिडकी होती, पण तिच्यावर जाळी, आणि पुढच्या सीटच्या पाठीमुळे तिच्यातून काका-बाबांची डोकी तेवढी दिसत. काकांनी बसच्या कंडक्टरसारखी खूण ठरवली: पत्र्यावर एक थाप म्हणजे थांबा, दोन थापा म्हणजे चला.

सतरंजीवर चपला घेऊन चढायचं नाही, असं आईनं बजावलं होतं. मागच्या दाराशी औषधाच्या बाटल्यांचा एक रिकामा क्रेट होता, त्यात सगळ्यांनी चपला काढून ठेवायच्या. आम्ही चढून बसल्यावर दार लावायला बाबा आले आणि सवयीनं त्यांचं बोट वर झालं. आत्यानं अंधारातून नुसतं "हां!" म्हटलं. बाबांचं बोट तसंच खाली आलं आणि क्रेटकडे वळलं. त्यांनी चपला मोजल्या. क्रेटमध्ये पाच जोड, पुढं तिघांच्या पायात तीन. समाधानानं मान हलवून त्यांनी दार लावलं. आत्याही काही बोलली नाही, चपलांना कुणाची नजर लागते? सगळ्यांनाच ही युक्ती आवडली. शहापूरला चहाला थांबलो तेव्हा आणि कसाऱ्याला घाटाच्या पायथ्याशी थांबलो तेव्हा बाबांनी चपलाच मोजल्या.

यातली चूक तेव्हाच समोर होती. शहापूरला धाकटीनं पुढं बसायचा हट्ट धरला आणि काकांनी तिला मागच्या दारातून उचलून थेट बाबांच्या मांडीवर नेऊन बसवलं. तिच्या लाल स्लिपर क्रेटमध्येच राहिल्या. म्हणजे कसाऱ्याला पाच जोड मोजले तेव्हा मागं चारच माणसं होती. हे आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नाही. बाबांच्याही नाही, आणि ते तर स्टोअरकीपर.

घाटात काकूची वाट लागली. लिंबू हुंगून झालं, गोळी घेऊन झाली, तरी दोनदा थाप मारून गाडी थांबवायला लागली, म्हणजे एक एक थाप दोनदा. आत्या तिचं कपाळ दाबत बसली. मला आतून काही दिसत नव्हतं, वळणं तेवढी कळत होती, आणि प्रत्येक वळणाला क्रेटमधल्या चपला एका बाजूला सरकत. पलीकडे केबिनमध्ये धाकटीचं हसणं ऐकू येत होतं. ती हसली की मला बरं वाटायचं. हसायची थांबली की मी जाळीला डोळा लावायची.

घोटीवरून वळून भंडारदऱ्याच्या रस्त्याला लागलो, शेंडी गाव मागं टाकलं आणि साडेदहाच्या सुमाराला रंध्याला पोचलो. गाडी थांबली तेव्हा मला वाटलं इंजिन अजून चालू आहे. तो पाण्याचा आवाज होता.

रस्त्याच्या कडेपासून एक पायवाट खाली जायची. मध्ये देवीचं छोटं देऊळ, त्याच्या पुढे काळा ओला कातळ आणि मग कठडा. कठडा म्हणजे लोखंडी नळ्या, त्याही अर्ध्याच लांबीला. नंतर नुसतं उघडं. तिथून प्रवरा खाली उडी घेते. ‘पडते’ म्हणण्यासारखं ते नव्हतंच. एवढी मोठी नदी निवांत येते आणि अचानक तिच्या पायाखालची जमीन संपते. खालून तुषार इतके वर येत होते की अंग भिजत होतं. काका मोठ्यानं काहीतरी बोलत होते आणि त्यांचे नुसते ओठ हलताना दिसत होते. बाबा तर काहीच मोजत नव्हते. मी त्यांना असं नुसतं उभं राहिलेलं पहिल्यांदाच पाहिलं.

हे मी आठवून लिहिते आहे, पण खरं सांगायचं तर मी तो धबधबा पाहिला नाही. मी धाकटीचं मनगट पाहत होते. तिला पुढं जायचं होतं, मी मागं ओढत होते, आणि शेवाळलेल्या कातळावरून तिची स्लिपर सारखी सटकत होती. काकू एकदा येऊन दुरूनच बघून गेली. तिला अजून गरगरत होतं. जाताना माझ्याकडे बघून तिनं आपलं मनगट धरून दाखवलं, मी मान हलवली, आणि ती परत गाडीत जाऊन आडवी झाली.

झाडाखाली बसून आम्ही चपात्या आणि सुकी बटाट्याची भाजी खाल्ली. बाबा, काका आणि दादा परत कठड्यापाशी गेले, आई भांडी विसळायला रस्त्यापलीकडच्या नळावर गेली. धाकटीला पुन्हा पांढरं बघायचं होतं. देवळापर्यंत आलो आणि तिच्या स्लिपरचा अंगठा निसटला. मी बसवून दिला, चार पावलांवर परत निसटला. मग मी दोन्ही स्लिपर काढून हातात घेतल्या आणि तिला अनवाणी चालवलं. अनवाणी बरं, घसरत नाही, असा शहाणपणाचा विचार मी केला होता.

तेवढ्यात वरून आत्यानं हाक मारली. सतरंजी उचलायला, पिशव्या आवरायला. आभाळ भरून आलं होतं. धाकटी हलेना. वर न्यायचं तर उचलून न्यायला लागलं असतं, आणि माझे हात सकाळपासून भरून आले होते. मी तिला देवळाच्या पायरीवर बसवलं.

"इथंच बस. मी हे ठेवून येते. हलू नकोस हं, अजिबात."

ती बसली. मी तिचा हात सोडला. मी वर गेले, स्लिपर क्रेटमध्ये टाकल्या, आत्यानं सतरंजीचं एक टोक माझ्या हातात दिलं, आणि पाऊस आला. परतीचा पाऊस रागीट असतो, थांब म्हणेपर्यंत सगळं भिजवून टाकतो. दादा धावत आला, बाबा आणि काका खाली माना घालून देवळाच्या मागच्या अंगानं आले, आई ओली भांडी घेऊन रस्ता ओलांडून आली. सगळ्यांनी गाडीत उड्या टाकल्या. मीही टाकली.

आत अंधार होता. काकू ओला रुमाल डोळ्यांवर ठेवून पडली होती. तिनं रुमाल न काढताच मला विचारलं, "ती पुढं आहे ना गं?"

मी म्हटलं, "हो."

या ‘हो’बद्दल मी पुष्कळ विचार केला आहे. मी खोटं बोलले नव्हते. खरंही बोलले नव्हते. पोरं मोठ्या माणसांना दिवसातून वीसदा देतात तसलं ते ‘हो’ होतं. बाबा देवळाकडूनच आले, त्यांनीच उचलून आणलं असेल, काकांनी पुढं घेतलं असेल, सकाळी नव्हतं का घेतलं, असं काहीतरी डोक्यात तरंगत होतं. विचार केला असं म्हणणं हाच खोटेपणा होईल. मी वेणी पिळत होते.

मागच्या दाराशी बाबा आले. डोक्यावर वर्तमानपत्र, खांदे भिजलेले. त्यांनी क्रेटमध्ये पाहिलं. पाच जोड, सगळ्यात वर छोट्या लाल स्लिपर. त्यांनी दार लावलं, पुढं गेले, आणि दोन थापा ऐकू आल्या.

शेंडीपर्यंत आठ-दहा किलोमीटर. रस्ता खड्ड्यांचा, वर पाऊस, त्यामुळे अर्धा तास लागला असेल. पत्र्यावर पाऊस इतका वाजत होता की कुणी बोलत नव्हतं. मी आत्याच्या मांडीवर डोकं ठेवलं होतं. एकदा मला वाटलं की पुढून हसणं येत नाही. मग वाटलं, झोपली असेल.

शेंडीला चहाच्या टपरीसमोर गाडी थांबली आणि बाबांनी दार उघडलं. काकूनं रुमाल काढला, उठून बसली आणि म्हणाली, "भावोजी, तिला द्या इकडे. शू करवून आणते."

बाबा म्हणाले, "ती मागं आहे ना?"

कुणी ओरडलं नाही. मला वाटलं होतं अशा वेळी माणसं ओरडतात. काकूनं शेजारची गोधडी उचलून बघितली. मग ती झटकली. मग तिनं क्रेट ओढला, त्यातल्या लाल स्लिपर बाहेर काढल्या आणि बाबांच्या हातात दिल्या, जणू त्यांनी त्या मागितल्या होत्या. बाबा त्या घेऊन उभे राहिले. आत्या देवाचं नाव घ्यायला लागली आणि मध्येच विसरली. काका पुढून आले, त्यांनी आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता परत स्टिअरिंगवर जाऊन बसले. काकू पावसात उतरून अनवाणीच पुढं गेली आणि त्यांच्या शेजारी बसली. बाबा आमच्याबरोबर मागं चढले.

गाडी मागं वळली. कठड्याच्या नळ्या जिथं संपतात ती जागा डोळ्यांपुढून हलत नव्हती. ओला कातळ, अनवाणी पाय. अनवाणी घसरत नाही, असं मी ठरवलं होतं, कशावरून ठरवलं होतं? मी तिला बस म्हटलं होतं, पण साडेचार वर्षांचं मूल किती वेळ बसतं? आणि तिला ते पांढरं बघायचं होतं. महिनाभर दुसरं काही बघायचंच नव्हतं तिला.

बाबा माझ्यासमोर उकिडवे बसले होते. प्रत्येक खड्ड्याला त्यांचं डोकं पत्र्याला आपटत होतं आणि ते ते चुकवत नव्हते. लाल स्लिपर अजून हातात होत्या. अंगठा निसटलेला होता, तो ते बसवत होते. बसला की ओढून बघत, निसटला की परत बसवत.

मला राहवेना. मी म्हटलं, "बाबा, चपला मी ठेवल्या. ती देवळात होती. मी हात सोडला."

आईनं माझ्याकडे वळून पाहिलं. तिचा हात उठला होता, बाबांनी तो खाली केला. मग स्लिपरकडे बघतच म्हणाले, "ठेवल्यास तू. मोजल्या मी."

एवढंच. आत्यानं पदर तोंडावर घेतला. तिनं बाबांना माणसं मोजू दिली नव्हती, हे आम्हा सगळ्यांनाच माहीत होतं आणि कुणी म्हटलं नाही. आमच्या घरात न बोललेल्या गोष्टींची एक वेगळीच कोठी होती, त्यात अजून एक पडली.

गाडी पुरती थांबायच्या आत काकू उतरून पळत सुटली होती. आम्ही दार आतून ढकलून बाहेर पडलो. पाऊस कमी झाला होता, पण पाण्याचा आवाज सकाळपेक्षा मोठा वाटत होता. काकू पायवाटेनं खाली गेली, देवळावरून पुढे गेली, तिनं देवळाकडे पाहिलंसुद्धा नाही. ती थेट कठड्याकडे धावत होती आणि काका तिच्यामागे धावत होते, आता दोघांना धरायचं कुणी, असं मला वाटलं. पायवाटेवर, झाडाखाली, कातळावर कुठंही फ्रॉक दिसत नव्हता.

मी देवळाच्या पायरीकडे पाहिलं. तिथं मी तिला बसवलं होतं. तिथं एक इरलं होतं, शेतात पावसात डोक्यावर घेतात तसलं, पानांचं. कुणीतरी वाळत टाकल्यासारखं पायरीला टेकवून ठेवलेलं.

माझे पाय तिथंच थांबले. पुढं जाऊन बघायची माझी छाती होईना. मग इरल्याच्या खालच्या कडेला मला दोन पाय दिसले. छोटे, चिखलानं भरलेले, एकावर एक ठेवलेले.

बाबांनीही पाहिलं होतं. ते सावकाश चालत गेले, घाई केली तर ते नाहीसं होईल अशा बेतानं, आणि त्यांनी इरलं उचललं. आत धाकटी बसली होती. हातात अर्धी खाल्लेली काकडी. बाजूला एक काकड्या विकणारी म्हातारी देवळाच्या खांबाला टेकून भिजत उभी होती, कारण तिचं इरलं पोरीवर होतं. ती सांगायला लागली, किती ओढली हो, माझ्या खोपीत चल म्हटलं, पावसानं झोडपली तरी पायरी सोडीना, ताई येणार म्हणती. मग मी वरून इरलं घातलं.

दादानं जाऊन काका-काकूंना कठड्यापासून परत आणलं. काकूनं धाकटीला उचललं नाही. ती समोर खाली बसली, तिच्या अंगावरून, हातापायांवरून हात फिरवत राहिली आणि विचारत राहिली, तू पाण्याकडे गेली नाहीस? खरंच गेली नाहीस?

धाकटी काकूकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. तिला शाबासकी हवी होती.

"तू हलू नको म्हणालीस ना," ती मला म्हणाली. "मी नाही हलले."

सगळ्यांनी ऐकलं. काकूनंही ऐकलं. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत काय होतं हे मला सांगता येत नाही, कारण मी खाली पाहिलं. मला इतकी लाज वाटत होती की धाकटी सापडल्याचा आनंदसुद्धा त्यात बुडून गेला. तिनं माझं ऐकलं होतं. पावसात, एकटीनं, त्या आवाजाशेजारी, जे बघायला आली त्याच्याकडे पाठ करून तासभर ती बसली होती, आणि मी ‘हो’ म्हणून वेणी पिळत निघून गेले होते.

बाबांनी खाली बसून तिच्या पायात स्लिपर घातल्या. म्हातारीला आईनं नमस्कार केला आणि डब्यातल्या उरलेल्या चपात्या तिच्या पदरात घातल्या. आम्ही वर आलो. वाटेत काकूचा हात धाकटीच्या मनगटावर होता आणि मी सगळ्यांच्या मागून चालत होते.

गाडीचं मागचं दार उघडंच होतं. आम्ही चढू लागलो तर काकू म्हणाली, थांबा. कुणी चढायचं नाही. काका पुढं जाऊन बसले होते, त्यांनाही तिनं उतरून मागं बोलावलं. बाबा सवयीनं क्रेटकडे बघायला लागले, तर तिनं एका हातानं तो क्रेट गाडीच्या आत सरकवून दिला. काकू बाबांसमोर कधी डोक्यावरचा पदर ढळू देत नसे. त्या दिवशी पदर कुठं होता देव जाणे.

तिनं काकांच्या छातीवर हात ठेवला. "एक."

मग बाबांच्या दंडावर. "दोन." बाबांनी डोळे मिटले. मग दादा, तीन. आई, चार. आत्यापाशी ती क्षणभर थांबली. मला वाटलं आता आत्या बोलणार. आत्या सरळ उभी राहिली, नुसती उभी राहिली, आणि काकूनं तिच्या खांद्याला हात लावून पाच म्हटलं. स्वतःच्या गळ्यापाशी हात नेऊन सहा म्हटलं.

मग फक्त आम्ही दोघी उरलो. धाकटी तिच्या डाव्या हाताला होती, अगदी जवळ. मी दाराच्या कडेला, तीन पावलांवर. मी मनाशी ठरवलं होतं की ती धाकटीला सात म्हणेल आणि तिथंच थांबेल. मला ते कबूल होतं. धाकटीला सोडून येणाऱ्या मुलीला कुणी कशाला मोजावं?

काकू धाकटीला ओढत तीन पावलं आली. माझ्या भिजलेल्या डोक्यावर तिनं हात ठेवला.

"सात," ती म्हणाली. मग धाकटी. "आठ."

मला तिथंच रडू फुटलं. पावसात कुणाला दिसलं असेल नसेल. मागून नदीचा आवाज येत होता, आणि सगळे आत्याकडे बघत होते. वीस वर्षांचा तिचा नियम होता, आणि तिच्यादेखत मोडला होता.

आत्यानं पदरानं नाक पुसलं.

"परत मोज गो," ती म्हणाली. "माका नीट आयकाक येवक नाय."

काकूनं परत काकांच्या छातीवर हात ठेवला आणि पहिल्यापासून मोजायला घेतलं.